वाकड्या खिळ्यांचा डबा

रविवार, ३ मार्च २०२४
माळा उपसला. अण्णांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला, खिळ्यांनी गच्च. भिंतीतून उपटलेला प्रत्येक खिळा ते उंबऱ्यावर ठेवून हातोडीनं सरळ करत. सरळ म्हणजे काय, थोडा पोक राहायचाच. शिवाय आजीचा कुंकवाचा करंडा, स्टोव्हच्या पिना, फिरकीच्या तांब्याची नुसती फिरकी (तांब्या कोणी नेला यावर घरात तीन मतं आहेत) आणि तिचा अडकित्ता. लोखंडी पातं, पितळी दांडे. उजव्या दांड्यावर अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला.
आई म्हणाली, "यातलं टाकतेस काय काय?" म्हटलं, काहीच नाही.

मंगळवार, ५ मार्च
राजा दिनकर केळकर संग्रहालय. शाळेच्या सहलीत मस्तानी महाल तेवढा पाहिला होता. आज अडकित्त्यांपुढेच तास गेला. पक्षी, घोडे, बिलगलेली जोडपी. सुपारी कातरायला एवढा थाट! वज्र्यांवर मात्र माझी तक्रार आहे. वरची नक्षी सगळे बघतात. टाच घासायची खरखरीत बाजू खाली दडलेली. मला तीच बघायची होती.
दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावानं कविता करत, आणि गावोगावच्या वाड्यांतून दिवे, दारं, दौती गोळा करत. संग्रहालयाला नाव लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. वस्तू वीस हजारांवर, मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. म्हणजे त्यांचाही माळा आहेच.

बुधवार, ६ मार्च
जुना बाजार. बंद पडलेल्या छापखान्यातली लाकडी केस मिळाली. अठराशे म्हणाला, नऊशेला दिली. टाइपाचे खिळे ठेवायची ती. ज्या अक्षराचा वापर जास्त त्याला घर मोठं. कोपऱ्यात अजून काजळीसारखी शाई. जुळारी ज्यांना खिळे म्हणत ते वितळून गेले असणार, आता अण्णांचे खिळे त्यांच्या घरात राहायला जातील. रिक्षात बसल्या बसल्या एकटीच हसत होते.

रविवार, १० मार्च
घात झाला. आईनं प्रेमानं अडकित्त्याला चिंच लावली. दांडे लखलखीत, आजीच्या हाताचा तो काळसर-तपकिरी रंग साफ गेला. मी बोलू नये ते बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तुझी आजी दर दिवाळीला घासायचीच की." यावर उत्तर नव्हतं. खळगा शाबूत आहे. चकाकीत तो उलट जास्त दिसतो, पण हे तिला सांगितलेलं नाही.

शनिवार, १६ मार्च
केस उभी केली. अडकित्ता बसवायला दांड्याला भोक पाडणार होते. ड्रिल हातात धरलं आणि ठेवून दिलं. तांब्याच्या तारेनं बांधला. गोंद कशालाच नाही. खिळे लांबीप्रमाणे लावून पाहिले, हार्डवेअरचं दुकान दिसायला लागलं. मग पोकाप्रमाणे लावले: कमी वाकडे डावीकडे, हट्टी उजवीकडे. फिरकीला सर्वांत मोठं घर दिलंय, एकटीला.

मंगळवार, ९ एप्रिल
पाडवा. तोरणाचा जुना खिळा दोरीसकट निखळला. मी दुकान उघडं आहे का बघायला निघाले, तोवर आईनं केसमधला एक काढून ठोकायला घेतलाही. तिसऱ्या ठोक्याला वाकला. तिनं तो पदराला पुसला, जरा न्याहाळला आणि परत ठेवला, पार उजवीकडच्या घरात.