सालदारकाकांचं देणं

पुण्यात शनिवारी रात्री आम्ही ‘पाथफाइंडर’ हा फाशांचा भूमिका-खेळ खेळायला बसतो. माझा तिरंदाज भिक्षू फार विचार करून बांधलाय, असं टेबलावरचे सगळे म्हणतात. तो विचार मला पिंपळनेरच्या आमच्या सालदारकाकांनी दिला.

पांझरेकाठच्या मळ्यात ते कामाला होते. समाजाने भिल्ल. कामठी, म्हणजे धनुष्य, स्वतः करायचे. काठी बांबूची आणि दोरीही बांबूच्याच सालीची. बाण ओढताना अंगठा लावत नसत, तर्जनी आणि मधलं बोट एवढ्यावरच भागायचं. एकलव्याची गोष्ट मला शाळेत कळली, पण ही पकड त्याआधीच डोळ्यांत बसली होती. कडबा भरलेलं पोतं बांधाला टेकवून ते मला नेम धरायला लावत. पोत्यामागे वासरू आलं की ताणलेला हात धरायचे. “देख आधी, भाऊ. मंग सोड.” वासरू हलेपर्यंत दोघंही तसेच उभे.

झेन आर्चर हा भिक्षूचा प्रकार 2010 च्या ‘ॲडव्हान्स्ड प्लेयर्स गाइड’मध्ये आला. त्याला पहिल्याच पातळीला एक जादा फीट, म्हणजे खास कसब, मिळते, तीही पूर्वअटींशिवाय. मित्रांचा आग्रह रॅपिड शॉटचा होता. तिरंदाज म्हटलं की सगळे तिच्यावरच उडी मारतात. पण या भिक्षूला धनुष्याने फ्लरी, म्हणजे एका दमात अनेक बाणांचा मारा, करता येते आणि फ्लरीसोबत रॅपिड शॉट चालत नाही. पुढे मेनीशॉटचंही तेच. मी प्रिसाइज शॉट घेतली. आपला गडी शत्रूशी भिडलेला असताना बाण सोडला, तर फाशातून 4 वजा होतात; ही फीट असली की होत नाहीत. इतरांना तिच्यासाठी आधी पॉइंट-ब्लँक शॉट घ्यावी लागते. निवडताना माझ्या डोळ्यांसमोर ते वासरूच होतं.

तिसऱ्या पातळीपासून या भिक्षूचा नेम चपळाईऐवजी शहाणपणावर ठरतो. नियमांच्या पुस्तकात मला काका भेटले ते इथे. शहाणपण भक्कम ठेवलं की डेडली एम ही फीटही परवडते: नेमात 1 सोडायचा, घावात 2 मिळवायचे. तिला चपळाई 13 लागते, तेवढी मी राखली होती.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. ते आता थकलेत, पण ऐकलं मन लावून. मग विचारलं, “तुना साधूले बाण कोण करी देस?”

“इकत लेस, काका. येक मोहरमा ईस.”

त्यांना ते पटलं नाही. स्वतःचा बाण स्वतः करता आला पाहिजे, म्हणाले. फळ कसं बसवायचं, पीस कसं बांधायचं, ते पुन्हा एकदा हातांनी दाखवलं. पुण्याला परतल्यावर भिक्षूची पातळी वाढली, तेव्हा मिळालेल्या गुणांपैकी एक मी धनुष्यबाण घडवण्याच्या कौशल्यात टाकला.