दीड मीटर तांबं

जुन्या डिझेल जीपचं बॉनेट उघडलं की नजर आधी इंजिनावर जाते, मग बॅटरीवर. बॅटरीपासून सेल्फपर्यंत गेलेली काळी केबल कुणी बघत नाही. पण डिसेंबरातल्या पहाटे महाबळेश्वरात गाडी उठणार की नाही, याचा निवाडा बराचसा त्या दीड मीटर तांब्यात होत असतो. थंडीने इंजिनातलं तेल दाट झालेलं असतं, ते फिरवायला सेल्फला एरवीपेक्षा जास्त ताकद लागते, आणि त्याच वेळी बॅटरीच्या आतली क्रिया मंदावलेली असते. 1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ आला, तेव्हापासून इंजिन सुरू करायचं हँडल उलटं फिरून मनगट मोडण्याचे दिवस सरत गेले. मनगटाचं ते काम या केबलने अंगावर घेतलं. म्हणून ती मनापासून करावी, असं मला वाटतं.

बाजारात तयार केबल मिळते. तिची लांबी मात्र आपल्या गाडीची नसते, आणि आत काय भरलंय ते दिसत नाही. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियमही सर्रास खपतं. एक तार ब्लेडने खरवडावी. पांढरं दिसलं तर ती केबल ठेवून द्यावी. मी वेल्डिंगची केबल घेतो, 35 स्क्वेअर एमएमची. तिचं रबर हलक्या हाताने गोल कापून ओढलं की आतून तांब्याच्या बारीक तारांचा झुबका उसळून बाहेर येतो. 0.40 मिलिमीटरच्या 276 तारा, नव्याकोऱ्या, लालसर, हाताला जवळजवळ मऊ. इतक्या बारीक आहेत म्हणूनच केबल वळते, आणि इंजिनाची थरथर वर्षानुवर्षं सोसते. सुरीचं पातं त्यांना लागता कामा नये. चरा पडलेली तार पुढे तिथेच तुटते.

डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ सहज 300 अँपिअर ओढतो. एवढ्या प्रवाहाला 35 च्या दीड मीटर केबलमध्ये साधारण पाव व्होल्ट द्यावा लागतो. 25 ची केबल घातली तर 0.35. हा हिशोब सगळे करतात आणि जाड केबल आणतात. पण टोकाचं थिंबल, म्हणजे बोल्टला जोडायची धातूची नळी, नीट चेपलेलं नसेल आणि त्या सांध्याने एक मिलिओहम रोध धरला, तर तो एकटा सांधा 0.3 व्होल्ट खातो, म्हणजे अख्ख्या केबलपेक्षा जास्त. शिवाय 90 वॉटची उष्णता तिथल्या तिथे तयार होते. तापला की तो आणखी सैल होतो, हवा आत शिरते, तांबं काळवंडतं. सेल्फ नुसताच ‘टक्’ करतो. बिचाऱ्या बॅटरीला शिव्या पडतात, नवी बॅटरी येते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

थिंबल छिनी-हातोडीने ठोकून बसवलेलं मला बघवत नाही. हायड्रॉलिक क्रिंपर भाड्यानेही मिळतो. त्यात केबलच्या मापाची षट्कोनी डाय घालायची. थिंबलवर 35-10 असं कोरलेलं असतं, म्हणजे केबल 35 ची आणि बोल्टचं भोक 10 चं. तारा नळीत शेवटपर्यंत गेल्या आहेत की नाही, हे तिच्या छोट्या भोकातून दिसतं. मग दांडा दाबत राहायचं. आधी नळी चेपते, मग तारा एकमेकींवर रेटल्या जातात, मग हाताला एकदम विरोध जाणवतो. तांबं न तापवताही सरकतं, आकार घेतं, हे पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

असा एक सांधा मुद्दाम करवतीने आडवा कापून बघण्यासारखा असतो. कापलेलं तोंड कानशीने सपाट करायचं, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासत राहायचं. हळूहळू चित्र वर येतं. गोल तारा गोल राहिलेल्याच नसतात. प्रत्येक तार शेजारणींच्या दाबाने कोनाकोनांची झालेली, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखी कडेला कड भिडलेली, मध्ये हवेला जागाच नाही. भिंगाखाली त्या सीमारेषाही केसाएवढ्या उरतात. ठोकून केलेल्या सांध्यात याउलट गोल तारा आणि त्यांच्यामधल्या काळ्या फटी स्पष्ट दिसतात. गाडीत बसणारा सांधा कुणीच कापून बघणार नाही. तरी तो आतून असाच झाला पाहिजे, यासाठी मी डाय बदलायचा कंटाळा करत नाही.

शिसं-कथलाचा डाग देऊन सांधा करू नये. डाग तारांमधून वर चढतो, तेवढा भाग ताठ होतो आणि तो ताठपणा जिथे संपतो तिथे थरथरीने तारा तुटतात.

दुसरं थिंबल चेपण्यापूर्वी केबल गाडीत धरून बघावी. इतकी जाड केबल पीळ घेत नाही, त्यामुळे दोन्ही थिंबलांची तोंडं एकमेकांशी कुठल्या कोनात हवीत ते खडूच्या रेघेने आधीच ठरवायला लागतं. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, त्याच्यासाठी थोडी ढील ठेवायची. या केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूजही नसतो. पत्र्याच्या कडेला घासून रबर फाटलं तर थेट आग, म्हणून वरून नळी आणि जागोजागी क्लॅम्प. सांध्यांवर चिकट अस्तराची स्लीव्ह गरम करून बसवली की पाणी आत जात नाही.

आणि एवढं झाल्यावरही काम अर्धंच असतं. गेलेला प्रत्येक अँपिअर इंजिनाच्या अंगातून बॅटरीकडे परत यायला हवा, आणि इंजिन तर रबरावर बसलेलं. बॅटरीपासून इंजिन-चासीपर्यंतची अर्थची पट्टी गंजली की प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार जाळतो. म्हणून त्याच रोलमधून दुसरा तुकडा कापावा, तशीच थिंबलं, तसाच दाब. बोल्टखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडावा, घट्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सगळ्यात शेवटी जोडावं.