समोर कोण आणि अर्ज कुणाचा

नाशिकच्या रामकुंडावर आलेला यात्रेकरू तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगतो. तेवढ्यावरून नामावळीच्या वहीतलं त्याच्या घराण्याचं पान निघतं. वही उपाध्यायांकडेच राहते, यात्रेकरूजवळ फक्त खूण असते. वेबवरचं सेशन याच पद्धतीने चालतं.

एचटीटीपी या वेबच्या संवादपद्धतीला मुळात स्मरणशक्ती नाही; प्रत्येक विनंती सर्व्हरला नवखीच. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी कुकी आणली आणि ब्राउझर दर विनंतीसोबत खूण पाठवू लागला. मात्र गाव-आडनाव कुणालाही ठाऊक असू शकतं. म्हणून इथली खूण, म्हणजे सेशनचा क्रमांक, अंदाजाने न सापडणाराच हवा. शिवाय लॉगिन होताच तो बदलायचा, म्हणजे आधी कुणी पेरून ठेवलेला क्रमांक निकामी होतो.

खूण पक्की असली तरी घोळ होऊ शकतो. दहावी-बारावीच्या निकालानंतर नाशिक जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर दाखल्यांसाठी गर्दी उसळते. ऑपरेटर लॉगिन एकदाच करतो. समजा, एका टॅबमध्ये द्राक्षबागायतदाराचा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज अर्धा भरलाय. त्याचे कागद स्कॅन होईपर्यंत ऑपरेटर दुसऱ्या टॅबमध्ये बारावी झालेल्या मुलीच्या घरचा अर्ज उघडतो. दोन्ही टॅबची कुकी एकच, म्हणून सेशनही एकच. प्रोग्रामरने ‘चालू अर्ज क्रमांक’ सेशनमध्ये ठेवला असेल, तर दुसरा अर्ज उघडताच पहिल्याचा क्रमांक पुसला जातो. ऑपरेटर पहिल्या टॅबवर परत येतो, ‘जतन करा’ दाबतो आणि बागायतदाराचं उत्पन्न मुलीच्या अर्जात जाऊन बसतं.

पडद्यावर काहीच चुकलेलं दिसत नाही. पण फीमध्ये सवलत देणाऱ्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला ८ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे. चुकीच्या आकड्याने त्या मुलीची फी-सवलत जाऊ शकते.

म्हणून समोर कोण बसलंय, एवढंच सेशनने लक्षात ठेवावं. अर्ज कुणाचा, हे प्रत्येक पानाने स्वतः सांगावं: क्रमांक पानाच्या पत्त्यात किंवा फॉर्ममध्ये असावा. तो अर्ज याच ऑपरेटरच्या हातचा आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासावं. नाहीतर पत्त्यातला आकडा बदलून कुणीही दुसऱ्याचा अर्ज उघडेल.

भरलेली माहितीही सेशनच्या भरवशावर सोडू नये. पीएचपीत सेशनची मुदत मुद्दाम बदलली नसेल, तर ती १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. तलाठ्याकडे राहिलेला कागद आणायला गेलेला माणूस तेवढ्यात परतत नाही. प्रत्येक टप्प्याचा मसुदा डेटाबेसमध्ये जतन होत असेल, तर तो माणूस आल्यावर ऑपरेटर पुन्हा लॉगिन करतो, अर्ज क्रमांक टाकतो आणि रिकाम्या रकान्यापासून पुढे भरायला घेतो.