खडीचा चढ

शरद ऋतू आल्याचे कोणाला निवळलेल्या आकाशावरून कळते, कोणाला पारिजातकाच्या सड्यावरून. मला ते पोटऱ्यांवरून कळते. दसरा आठ-दहा दिवसांवर आला, पहाटे पांघरूण अंगावर ओढावेसे वाटू लागले, की माझ्या पोटऱ्यांत एक चमत्कारिक चुळबूळ सुरू होते. आणि साठी उलटलेल्या गृहस्थाला मुळीच न शोभेल अशा उत्सुकतेने मी ओसरीवरच्या सायकलीचे चाक हाताने फिरवून पाहतो. घरातल्या मंडळींना या लक्षणांचा अर्थ आता पाठ झाला आहे. “आजोबांचा मोसम आला,” एवढेच माझा नातू म्हणतो, आणि हवा भरायचा पंप शोधायला जातो.

आमच्या मुखेडचा डोंगर म्हणजे काही सह्याद्री नव्हे. सह्याद्रीपासून फुटलेली बालाघाटाची रांग पूर्वेकडे येता येता दमते, आणि आमच्या भागात पोचेपर्यंत तिचा सारा ताठा उतरलेला असतो. येथे कडे नाहीत, सुळके नाहीत. काळ्या दगडाच्या, सपाट माथ्याच्या, एकमेकींना टेकून बसलेल्या टेकड्या आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे पाहवत नाही. परंतु आश्विन लागला की त्यांचे रूप पालटते. गवत अजून पुरते वाळलेले नसते. वाऱ्याबरोबर त्याचा रंग हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा पुन्हा हिरवा होतो. उतारांवर रानोमाळ वाढलेल्या सीताफळींना फळे लागतात आणि त्यांचे डोळे उघडू लागतात. ज्याने असे फळ झाडाखालीच बसून फोडले आहे, त्याला त्याची गोडी सांगायला नको. आणि ज्याने ते केवळ बाजारातून आणून खाल्ले आहे, त्याला ती सांगून कळायची नाही.

या डोंगरात सायकल घालण्याचे वेड मला लावले ते माझ्या एका मित्राने. आम्ही एका वर्गात होतो. त्याच्याजवळ वडिलांच्या पश्चात उरलेली एक काळी, उंच, दांड्यांच्या ब्रेकची सायकल होती. मी तासाच्या भाड्याने आणीत असे. दसऱ्यापासून वेळ अमावस्येपर्यंत एकही रविवार आम्ही फुकट दवडला नाही. पहाटे दशरथेश्वराच्या जुन्या दगडी देवळापाशी भेटायचे, खिंड चढून पलीकडे उतरायचे, दिवसभर वाड्यातांड्यांतून हिंडायचे, आणि उन्हे कलताना तीच खिंड पलीकडच्या अंगाने पुन्हा चढून गावात यायचे, असा आमचा क्रम असे. एकदा कंधारचा भुईकोट पाहून आलो, तेव्हा दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावर बसवेना. रात्री परतायला उशीर झाला की घरची मंडळी कंदील घेऊन वेशीपर्यंत आलेली असत, आणि पुढचे वर्णन मी येथे करीत नाही.

त्या सायकलींचा विचार आता मनात आला की अंगावर काटा येतो. वजन वीस किलोच्या घरात, गिअरचे नाव नाही, आणि लांब उतारावर ब्रेकचे रबर तापून इतके गुळगुळीत व्हायचे की ब्रेक दाबणे ही केवळ मनाची समजूत उरायची. मग आम्ही बाभळीची एखादी फांदी मागे दोरीने बांधून ओढीत आणीत असू. ती धूळ उडवी, गुरे बुजवी आणि थोडाफार वेगही कमी करी. पुढे पुष्कळ वर्षांनी मी वाचले, की अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यात नेमके त्याच काळात काही तरुण असाच उद्योग करीत होते. जाड टायरांच्या जुनाट सायकली डोंगरमाथ्यावर न्यायच्या आणि मातीच्या वाटेने खाली सोडायच्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांचा उतार. मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस तापून त्याचा धूर होई, आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे; त्यावरूनच शर्यतीला ‘रीपॅक’ असे नाव पडले. त्या वेडातून डोंगरी सायकल नावाची वस्तू जन्माला आली आणि १९९६ मध्ये तो खेळ ऑलिम्पिकमध्ये जाऊन बसला. ती पहिली शर्यत झाली तेव्हा आमच्याकडे दिवाळी तोंडावर आली होती, आणि आम्ही दोघे बाभळीची फांदी ओढीत खिंड उतरत होतो. त्यांचा धूर निघत होता, आमची धूळ उडत होती. आमच्या धुळीतून मात्र काही जन्माला आले नाही.

आमचा एक नियम होता. जो खिंडीत आधी पोचेल त्याने दुसऱ्यासाठी थांबायचे. उतार एकट्याने उतरायचा नाही. चढावर सोबतीचा तसा उपयोग नसतो. प्रत्येक जण आपल्या छातीतल्या भात्याशी एकटाच झगडत असतो. बोलायला श्वास नसतो आणि ऐकायला लक्ष नसते. सोबत हवी असते ती उतारावर. वाऱ्याने डोळ्यांत पाणी येत असता मागून कोणाची तरी घंटी वाजत आहे, कोणीतरी उगाच ओरडत आहे, याशिवाय उताराला चव नाही. खिंडीत आधी पोचणारा बहुधा मी असे. एका कडुनिंबाखाली सायकल आडवी टाकून मी वाट पाही.

त्याला उशीर होई याला कारण होते. पलीकडच्या अंगाने येताना खिंडीच्या अलीकडे एक वळण आहे. तेथून शेवटचा चढ लागतो. लांबीने थोडा, पण छातीवर येणारा. त्या वळणावर तो न चुकता सायकलीवरून उतरे. पहिल्यांदा मी कारण विचारले तेव्हा त्याने रस्त्याकडे बोट दाखवले आणि शांतपणे म्हटले, “दुष्काळात या चढाची खडी माझ्या मायनं फोडली आहे. तिच्या कष्टावरून मी चाक नेणार नाही. चालत जाईन.”

१९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वाक्याचे वजन कळेल. आम्ही तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होतो. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरे कवडीमोलाने गेली, रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे आणि कामावर सुकडी वाटली जाई. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव त्या वर्षाचे आहेत. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. डोक्यावर पदर ओढून, मांडीशी दगड धरून, हातोडीने खडी फोडीत बसलेल्या बायांच्या रांगा मी स्वतः पाहिल्या होत्या. म्हणून मित्राचे ते बोलणे ऐकून मी ओशाळलो, आणि त्या दिवसापासून मीही वळणावर उतरू लागलो. आम्ही दोघे सायकली हातात धरून तो चढ मुकाट्याने चालून जात असू. पण तरुण मनाची भक्ती टिकाऊ नसते. दोनतीन वर्षांनी मी ते वळण पायडल मारीतच पार करू लागलो, आणि खिंडीतल्या कडुनिंबाखाली त्याची वाट पाहू लागलो.

मॅट्रिक झाल्यावर आमच्या वाटा फुटल्या. मी शिक्षणासाठी औरंगाबादला गेलो, तेथेच नोकरीला लागलो. (त्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे.) त्याने मुखेडच्या बसस्थानकाजवळ सायकल दुरुस्तीचे दुकान घातले. पंक्चर काढणे, चाकाची आउट काढणे, लहान मुलांना भाड्याने सायकली देणे यात त्याचा दिवस जाई. दर शरदात मी चार दिवस गावी येई आणि त्याच्या दुकानातली उत्तम सायकल माझ्यासाठी तेल घालून तयार असे. ती आठ दिवस तो कोणाला भाड्याने देत नसे, हे मला फार उशिरा दुसऱ्याकडून कळले.

अशाच एका खेपेची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगायला मला आनंद होत नाही. रात्रीच्या गाडीने मला परत जायचे होते. दिवस कलला होता. वळणावर तो नेहमीप्रमाणे उतरला. मी नोकरदार माणूस. घड्याळाकडे पाहण्याची विद्या मला नवीनच आली होती. मी म्हणालो, “अरे, किती वर्षं ही खडी उराशी धरून बसणार आहेस? तुझी माय केव्हाच विसरली असेल!” तो हसला, म्हणाला, “तू हो पुढं.” मी पुढे झालो. खिंडीत पोचलो, मागे पाहिले. तो खाली वळणाजवळच सायकलीवर हात टेकून उभा होता. झाडे पाहत असावा असे मला वाटले. मी क्षणभर थांबलो, आणि थांबलो नाही. तो उतार मी त्या दिवशी पहिल्यांदाच एकट्याने उतरलो.

गाडी सुटायच्या आधी तो बसस्थानकावर आला. पिशवीत सीताफळे होती. “यातली दोन उद्या खा, बाकीची परवा पिकतील,” असे म्हणून त्याने पिशवी खिडकीतून आत दिली. मी न थांबल्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. गाडी हलली तेव्हा मात्र म्हणाला, “एकट्यानं उतार बरा लागत नाही रे.”

त्या चैत्रात मला कोपरा फाडलेले कार्ड आले. नांदेडला दवाखान्यात नेले होते, तेथून तो परत आला नाही. लहानपणी घसा धरून येणारा आणि मग सांधे सुजवणारा एक ताप असतो. तो जातो, पण जाताना काहींच्या हृदयाची झडप खराब करून जातो. पुढे वर्षानुवर्षे ती झडप आखडत जाते, माणसाला चढावर धाप लागते, आणि धडधाकट दिसणाऱ्या देहाच्या आत काय चालले आहे याचा इतरांना पत्ताही नसतो. वेळीच ओळखले आणि दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई घेत राहिले तर पुढची हानी पुष्कळदा टळते. दुष्काळाच्या वर्षी त्याचे गुडघे सुजून तो महिनाभर शाळेत आला नव्हता, हे मला तेव्हा आठवले. परंतु त्या वर्षी गुडघ्यांची चौकशी करायला कोणाला सवड होती?

त्यानंतर कित्येक वर्षे मी डोंगराकडे फिरकलो नाही. पुढे एका दिवाळीत त्याच्या आईला भेटायला गेलो. माय थकली होती, पण डोळ्यांत तेज होते. बोलता बोलता मी त्या रस्त्याची गोष्ट काढली. तिच्या कष्टांचा त्याने किती मान राखला हे तिला कळावे, आणि माझ्या मनावरचे ओझेही थोडे हलके व्हावे, असा माझा हेतू होता. तिने सारे ऐकून घेतले आणि नवलाने माझ्याकडे पाहिले.

“खिंडीचा रस्ता? न्हाई रे लेकरा,” ती म्हणाली, “म्या खडी कवाच फोडली न्हाई. म्या तळ्याच्या कामावर व्हते, मातीच्या पाट्या उचलायला. तिकडं खिंडीत कशाला जाऊ?”

मी काही बोललो नाही. तिनेही पुढे विचारले नाही. पण थोड्या वेळाने पदराने डोळे पुसले, यावरून मला कळले त्यापेक्षा तिला अधिकच कळले असावे.

घरी येताना सारा रस्ता मी त्या एका वाक्याचा विचार करीत होतो. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘मला दम लागतो’ असे म्हणायची लाज वाटते. जगातली कोणतीही कमतरता त्या वयात कबूल करता येते, शरीराची येत नाही. म्हणून त्याने आपल्या आईचे कष्ट उसने घेतले आणि त्यांच्या आड आपली धाप लपवली. याला खोटे म्हणायचे काय? प्रथम मला तसेच वाटले, आणि थोडा रागही आला. इतकी वर्षे मी एका बनावट खडीपुढे मान लववीत आलो होतो! पण मग ध्यानात आले, की ती खडी कोणीतरी फोडलीच होती. त्याच्या मायने नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी मायने. त्याचे वाक्य त्याच्या घरापुरते खोटे होते. रस्त्यापुरते ते खरे होते. आणि माझे वाक्य, ‘तुझी माय विसरली असेल’ हे, दोन्ही बाजूंनी खोटे होते. मायजवळ विसरायला ती आठवणच नव्हती, आणि ज्यांनी ती खडी फोडली त्या विसरल्या असतील असे म्हणायला मी कोण?

पुढच्याच शरदात मी पुन्हा सायकल काढली. आता त्या काळ्या सायकलींचा काळ सरला. ज्या ॲटलास सायकली आमच्या गावात घरोघर होत्या, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद झाला. माझ्याजवळ मुलीने दिलेली एकवीस गिअरची सायकल आहे. घाटावर डांबर पडले आहे; जुनी खडी त्याच्याखाली गेली. खिंडीतला कडुनिंब मात्र आहे, आणि मी तेथे घाम सुकेपर्यंत थांबतो. कशासाठी थांबतो हे मला सांगता येणार नाही. न थांबता पुढे गेलो तर उतार बरा लागत नाही, एवढे खरे.

गेल्या कोजागिरीला नातू बरोबर होता. तेरा वर्षांचा, काटक, चढावर माझ्या पुढे. पलीकडच्या अंगाने परतताना ते वळण आले आणि मी सायकलीवरून उतरलो. खरे सांगायचे तर माझी छाती भात्यासारखी चालली होती. वयाला गिअर नसतात. तो थोडे पुढे जाऊन थबकला, वळून पाहू लागला, आणि त्याने विचारले, “आजोबा, दमलात?”

“छे, छे,” मी म्हणालो, “बहात्तरच्या दुष्काळात या चढाची खडी एका मायनं फोडली आहे. तिच्या कष्टावरून मी चाक नेत नाही.”

त्याने रस्त्याकडे पाहिले, क्षणभर विचार केला, आणि तोही सायकलीवरून खाली उतरला.