जुन्या गाडीचा ताप : द्वारका ते कसारा घाट

एकेकाळी नाशिकची ओळख थंड हवेचे गाव अशी होती. आता मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि द्वारका चौकातल्या कोंडीत एखादी तरी गाडी बॉनेट उघडून, वाफा सोडत उभी दिसते. अशी गाडी बहुधा जुनी असते. आपल्या कष्टकरी घरांतही आता चारचाकी आली आहे, पण ती शोरूममधून नव्हे. कुणी फंडाच्या पैशातून, कुणी सोसायटीचे कर्ज काढून सेकंडहँड घेतलेली. ती बिघडली की महिन्याचा सगळा हिशेबच बिघडतो.

आमच्या शेजारच्या एका आयुष्मानांकडे पंचवीस वर्षांची मारुती ८०० आहे. वृद्ध वडिलांना दर महिन्याला उपचारासाठी मुंबईला न्यावे लागते. जाताना कसारा घाट उतरणीचा, म्हणून त्रास नाही. येताना मात्र कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंत सुमारे तीनशे मीटर चढायचे. हा चढ किती अवघड, हे रेल्वेला विचारावे. थळ घाटातला हा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांना एक फूट असा असून गाडी वर न्यायला आजही मागून जादा इंजिने लावतात. आपल्या गाडीला मागून लावायला कुणी नाही. काटा लाल खुणेकडे सरकू लागला की मागच्या सीटवरच्या आजारी माणसाचा जीव कासावीस होतो.

त्यातच गाडीचा एसी बंद पडलेला, कॉम्प्रेसर जाम. एक मिस्त्री म्हणाला, सगळा एसी नवा टाका. दुसरा म्हणाला, एसी काढून फेका, गाडी तापणार नाही. तिसरा म्हणाला, थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून टाका. तिघांचे ऐकावे तर गाडीच्या किमतीइतका खर्च. म्हणून दोन रविवार आम्ही त्यांच्याबरोबर द्वारका आणि वडाळा नाक्याकडची गॅरेजे फिरलो, अंबड लिंक रोडला जुन्या सामानाचीही चौकशी केली. तिथल्या भंगार बाजारावर २०१७ साली महापालिकेने मोठी कारवाई केली होती. नाशिकला या धंद्यातल्या जाणत्या माणसांची वाण नाही. सातपूरच्या महिंद्रा कारखान्यात बोलेरो, स्कॉर्पिओ तयार होतात. इथल्या कित्येक घरांतली पोरे फिटर म्हणूनच वाढली. अशाच एका जुन्या कारागिराने सांगितलेली पहिली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. एसी काढणे हा तापण्यावरचा इलाज नव्हे. गाडी का तापते ते आधी शोधा.

एसीची कंडेन्सर नावाची जाळी रेडिएटरच्या पुढे बसवलेली असते. बाहेरची हवा आधी तिच्यातून आणि मग रेडिएटरमधून जाते. एसी चालू असताना ती आपली उष्णता रेडिएटरवर टाकते. एसी बंद असला तरी तिच्यात साचलेली धूळ, किडे, चिखल हवा अडवतात. तेव्हा पहिले काम पाण्याने जाळी धुण्याचे. त्याला खर्च नाममात्र. बंद एसीमुळे पेट्रोल फार जळते हा समज मात्र खरा नाही. एसी बंद असताना कॉम्प्रेसरची नुसती पुली फिरत असते. तिचे बेअरिंग आवाज करू लागले तर मात्र तो काढलेला बरा.

काढायचे ठरले तर काढण्याचीही रीत आहे. आत गॅस उरला असेल तर तो हवेत सोडू नये, मशिनने काढून घ्यावा. जुन्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वये जगाने तो बंद करायचे ठरवले. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. त्याच्या जागी आलेला १३४-ए ओझोनला अपाय करत नाही, पण हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट भारी आहे. वाढत्या उन्हाचे चटके आधी पत्र्याच्या घरांना बसतात, हे आपण विसरू नये.

दुसरे, पट्ट्याकडे पाहावे. कॉम्प्रेसरचा पट्टा वेगळा असेल तर प्रश्न नाही. एकाच पट्ट्यावर पाण्याचा पंपही चालत असेल तर योग्य मापाचा पट्टा किंवा मधली पुली बसवल्याशिवाय गाडी हलवू नये. तिसरे, पंखा. कित्येक गाड्यांत एसीबरोबर चालणारा वेगळा पंखा असतो. एसीसोबत तोही काढून विकला की कोंडीत इंजिनला वारा कमी पडतो. तो ठेवावा आणि तापमानाच्या स्विचला जोडून घ्यावा. पंख्याभोवतीचे आवरणही फेकू नये, त्यामुळेच हवा रेडिएटरमधून ओढली जाते. पाइप काढल्यावर पत्र्यात उरलेली भोके रबराने बुजवावीत, नाहीतर इंजिनचा धूर आत येतो.

जुन्या जीपला आणि पद्मिनीला पट्ट्यावर फिरणारा पंखा असे. इंजिन सावकाश फिरले की तोही सावकाश. द्वारकेच्या कोंडीत वारा हवा तेव्हाच तो कमी पडतो. विजेच्या पंख्याला इंजिनच्या गतीची पर्वा नाही, पण त्याचा फ्यूज आणि स्विच तपासत राहावे लागते.

थर्मोस्टॅट काढण्याचा सल्ला आम्हाला पटला नाही. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेले की तो उघडतो. तो काढला तर इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त खाते, झीज वाढते. बिघडला असेल तर नवा बसवावा.

शेजाऱ्यांच्या गाडीचे खरे दुखणे निघाले रेडिएटरमध्ये. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी घातल्याने आत क्षार साचून नळ्या अर्ध्या बुजल्या होत्या. तांब्या-पितळेचा रेडिएटर उघडून, साफ करून पुन्हा झाळता येतो. प्लास्टिकच्या टाकीचा ॲल्युमिनियमचा असेल तर बहुधा नवाच घ्यावा लागतो. पुढे शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे भरावे. झाकणही चांगले हवे. त्याच्या दाबामुळेच पाणी शंभर अंशांना उकळत नाही.

शेवटी त्यांनी रेडिएटर, झाकण आणि होज पाइप बदलले, एसी काढला, पंखा ठेवला. एसी नसल्याने वडिलांना उन्हाचा त्रास नको म्हणून आता पहाटे चारला निघतात. त्रिरश्मी लेण्यांजवळून गाडी जाते तेव्हा उजाडलेलेही नसते. त्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याची टाकी खोदली गेली, त्यांच्या दानाचे लेखही आहेत. परतताना दुपार टाळून संध्याकाळी घाट चढतात. काटा आता मध्यावरच राहतो. ५ जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरीचा बोगदा खुला झाल्याने टोल भरून घाट टाळता येतो, पण बुजलेला रेडिएटर बोगद्यातही तापतोच.

बंधू-भगिनींनो, घाटात काटा चढला तर हीटर पूर्ण सुरू करा, खालच्या गिअरमध्ये चला आणि सुरक्षित जागा पाहून थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, त्या वाफेने चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. गाडी चालवणाऱ्या मुलाला आणि मुलीलाही हे समजावून सांगा. आणि मिस्त्री काहीही काढायला सांगेल तेव्हा आधी विचारा : गाडी का तापते, ते दाखवा.