सांगलीच्या गणपती पेठेतला हिशेब : जुलै 2025 मधली काही पाने

7 जुलै, सोमवार
टीडीएस भरायची शेवटची तारीख. ते काम सकाळीच उरकलं, पण उरलेला दिवस एका गाडीनं खाल्ला. ज्यांचे हिशेब मी पाहते ते हळदवाले मालक एकादशीला पंढरपूरला गेले ते अजून परतलेले नाहीत. दिल्लीची गाडी भरून वखारभागात उभी, आणि मालवाहतुकीच्या ई-वे बिलाचा ओटीपी जातो मालकांच्या मोबाइलवर. 1 एप्रिलपासून ही दुहेरी पडताळणी सगळ्यांनाच सक्तीची झाली आहे. त्यांच्या दिवाणजींना पासवर्ड तोंडपाठ असून उपयोग नाही. पंढरीच्या गर्दीत फोन लागेना. दुपारी कधीतरी लागला, मालकांनी आकडे वाचून दाखवले आणि गाडी हलली.

संध्याकाळी दिवाणजींना पोर्टलवर त्यांचं वेगळं सब-युजर लॉगिन काढून दिलं, त्यांचाच नंबर जोडून. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणते. चाळीसएक वर्षं कीर्द-खतावणी लिहिलेला माणूस. म्हणाले, "ताई, म्हणजे आता मी काढलेलं बिल माझ्याच नावावर दिसणार?" दिसणार. मला ही व्यवस्था मनापासून पटते. मालकाचा फोन चार जणांच्या हातात फिरण्यापेक्षा ज्याचं काम त्याचं नाव असलेलं बरं.

11 जुलै, शुक्रवार
जीएसटीआर-1 चा, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राचा दिवस. ऑफिसात गर्दी नाही, याचं अजूनही नवल वाटतं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा याच जिन्यावर पेनड्राइव्ह घेऊन रांग लागायची. ज्या संगणकावर हिशेब, त्याच्याच समोर बसून काम. आता बिलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, आणि आमच्या ऑफिसातली तासगावची मुलगी तान्हं बाळ झोपलं की घरूनच एंट्री मारते. लग्नानंतर गाव बदललं म्हणून हिशेबाचं काम सुटलेल्या किती बायका मी पाहिल्या आहेत. या बदलाचं मोल विचाराल तर माझ्या लेखी ते आधी इथं आहे, कागद वाचले ते नंतर.

14 जुलै, सोमवार
टू-बी, म्हणजे खरेदीवरच्या कराच्या वजावटीचं पत्रक, पोर्टलवर पडलं. दोन पुरवठादारांनी बिलं चढवलेलीच नाहीत, म्हणजे आमच्या व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळणार नाही. दिवसभर फोन.

15 जुलै, मंगळवार, रात्री
सात तारखेची दिल्लीची गाडी ग्वाल्हेरच्या अलीकडे बंद पडली. गिअरबॉक्स गेला. ई-वे बिलाला 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. सोळाशे किलोमीटरचे आठ दिवस आज रात्री बाराला संपत होते. मुदत वाढवायची तर संपण्याआधी आठ तास आणि संपल्यावर आठ तास, एवढीच सवलत. पूर्वी असा फोन आला की ऑफिस उघडायला धावावं लागे. आज ड्रायव्हरनं ट्रकचा फोटो आणि लोकेशन पाठवलं, माल दुसऱ्या गाडीत भरायचं ठरलं, आणि अण्णांनी जेवण झाल्यावर घरूनच, फोनवर, नव्या गाडीचा नंबर घालून मुदत वाढवली. मला कळवलं ते काम झाल्यावर.

17 जुलै, गुरुवार
पावसाची भुरभुर. पेठेत कुणीही भेटलं की पहिला प्रश्न आयर्विन पुलापाशी पाणी किती. 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथं कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फूट. पाणी ओसरल्यावर आम्ही शटर उघडली तेव्हा जे पाहिलं ते विसरता येत नाही. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहिलेल्या वह्या लगदा होऊन भिंतीला चिकटल्या होत्या. संगणक गाळात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात. बॅकअप होता, पण दोन्ही प्रती एकाच पाण्याखाली गेल्या. कुणाकडून किती येणं, हे माणसं आठवून आठवून सांगत होती. काही उधाऱ्या त्या आठवणींतच बुडाल्या.

ज्या थोड्यांचा हिशेब दूरच्या सर्व्हरवर होता, ते विश्रामबागेत नातेवाइकांच्या घरी बसून येणेकऱ्यांच्या याद्या काढत होते. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा अशी माणसं बरीच वाढलेली होती. माल भिजला, हिशेब वाचला. कायद्यानं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब सांभाळावे लागतात, आणि पूर आला म्हणून गिऱ्हाइकाकडचं येणं सिद्ध करायची गरज संपत नाही. नदीकाठच्या पेठेनं हिशेबाची एक प्रत गावाबाहेर ठेवलीच पाहिजे, हे माझं ठाम मत त्या ऑगस्टपासूनचं आहे.

19 जुलै, शनिवार
गेल्या वर्षी याच तारखेला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहिले गेले. एक कागद बाळगावा, तो अशा दिवसासाठी. येणेकऱ्यांची यादी मी महिन्याला छापून घ्यायला सांगते.

21 जुलै, सोमवार
कालच्या थ्रीबी विवरणपत्राच्या धावपळीनंतर आज जरा उसंत, तर एक जुने व्यापारी तणतणत आले. बिलिंगचं एक सॉफ्टवेअर त्यांनी बंद केलं, वर्गणी भरली नाही, आणि लॉगिनच बंद झालं. मागच्या तीन वर्षांची बिलं आत. कंपनी म्हणते, वर्षाचे पैसे भरा, मग बघा. मला हा प्रकार सरळसरळ अन्याय वाटतो. वर्गणी वापरासाठी असते. बिलं ज्याची, त्याचीच राहिली पाहिजेत.

2022 च्या ऑगस्टमधल्या कंपनी नियमांच्या दुरुस्तीनं कंपन्यांना हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक केलं. पण पेठेतली बहुतेक दुकानं मालकीची किंवा भागीदारीची. त्यांना हा नियमही लागू नाही आणि त्याचं संरक्षणही नाही. सर्व्हर हैदराबादला असो की नवी मुंबईत, व्यापाऱ्यानं आधी विचारायचं ते हे : माझा डेटा मला कुठल्या स्वरूपात परत मिळेल, आणि वर्गणी थांबल्यावर किती दिवस मिळेल? लेखी उत्तर देत नाहीत त्यांच्याकडे जाऊ नये.

23 जुलै, बुधवार
बंगळुरूच्या बातमीची पेठेत चर्चा. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून तिथल्या कर खात्यानं लहान दुकानदारांना नोटिसा काढल्या, आणि काहींनी क्यूआर कोड उतरवून फक्त रोख घेण्याच्या पाट्या लावल्या. आमच्याकडेही एक चहावाले विचारून गेले, "ताई, स्कॅनर काढू का?" मी नको म्हटलं. मालाच्या विक्रीला नोंदणीची मर्यादा 40 लाख, सेवेला 20 लाख. तुम्ही कशात बसता ते आधी पाहू. घरच्या माणसांनी पाठवलेले पैसे आणि गल्ल्याचे पैसे एकाच खात्यात येऊ देऊ नका. 2016 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर गेल्या जूनमध्ये 1,840 कोटी व्यवहार झाले. त्यातून आपला क्यूआर उतरवला तर गिऱ्हाईक शेजारी जाईल, एवढंच. मात्र खात्यालाही एक सांगावंसं वाटतं : जमा झालेली प्रत्येक रक्कम विक्री नसते. आधी विचारा, मग नोटीस काढा.

31 जुलै, गुरुवार
गेल्या वर्षी आजच्या तारखेला बातमी आली, बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला पैसे देण्याघेण्याच्या जाळ्यातून तात्पुरतं तोडलं, आणि बातम्यांनुसार तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा परत आली. सहकारी बँका म्हणजे आमच्या जिल्ह्याचा श्वास, म्हणून ही गोष्ट मी नोंदवून ठेवते. एकाच बँकेवर, एकाच फोनवर, एकाच कंपनीवर सगळा धंदा टांगू नये.

आज संध्याकाळी अण्णांना शेजारी बसवून एक काम केलं. सर्व्हरवरचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उतरवला आणि मार्चची खतावणी उघडून ताळा पाहिला. जुळला. बॅकअप आहे असं सगळेच सांगतात, उघडून कुणी पाहत नाही. नदीकाठी दुकान असो वा नसो, तुमचाही या आठवड्यात एकदा उघडून बघा, आणि ओटीपी कुणाकुणाच्या फोनवर जातो तेही लिहून ठेवा.