रामटेक, आजीची बंगई आणि उभ्याचं ऑफिस

कालिदासाचा यक्ष म्हणजे तसं पाहिलं तर आपल्यातलाच एक. कामात हलगर्जीपणा केला, बॉस भडकला आणि वर्षभरासाठी थेट रामगिरीवर पोस्टिंग! सोबत बायको नाही, ओळखीचं कुणी नाही. निरोप धाडायचा तर ढगाकरवी. (क्लाउडवर डेटा टाकणारा पहिला माणूस, हा पीजे नागपुरातला आयटीवाला कधी ना कधी मारतोच.) हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार मांडलं. छत्तीसगडातल्या रामगढचाही दावा आहे म्हणा, पण तो विषय रामटेकात बसून काढायचा नसतो.

नागपूरहून जेमतेम 50 किलोमीटर. जबलपूर हायवेला लागायचं, कामठी मागे टाकायची, कन्हानचा पूल ओलांडायचा आणि मॅंगनीजच्या खाणींसाठी माहीत असलेल्या मनसरला उजवीकडे वळायचं. वळण घेतलं की टेकडीवरचा गड दिसायला लागतो. गडावर गाडी जाते, पण निदान एकदा तरी पायऱ्यांनी चढाच. वर नागपूरकर भोसल्यांनी उभं केलेलं राममंदिर आहे, त्याहून कितीतरी जुनी, वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची मंदिरं आहेत, भलामोठा वराह आहे आणि हातातली पिशवी हेरून बसलेले वानर आहेत. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आजचं नगरधन, इथून अगदी जवळ. कालिदास स्मारकाच्या बाजूला उभं राहिलं की खाली गाव आणि लांबवर खिंडसीचं पाणी. नेटवर्क फुल्ल. यक्ष आज असता तर त्याचं काव्य झालं नसतं, व्हिडिओ कॉल झाला असता.

आता मुद्द्याचं. मी रामटेकला गेले होते ती एका टेबलासाठी.

गेल्या काही वर्षांत घरून काम करणाऱ्यांच्या कमरेचं काय झालंय, ते वेगळं सांगायला नको. डायनिंग टेबल, पलंग, मांडीवर उशी आणि उशीवर लॅपटॉप असे सगळे टप्पे झाले की माणूस शेवटी ‘स्टॅण्डिंग डेस्क’ या शब्दाशी येऊन थांबतो. बटण दाबलं की टेबल वर, बटण दाबलं की खाली. शाळेत बाकावर उभं केलं की रडायचो, आता पैसे मोजून उभं राहायचं! गंमत म्हणजे या डेस्कमधला खरा खर्च असतो तो खालच्या लोखंडी, मोटरवाल्या फ्रेमचा. वरची फळी बहुतेक वेळा लाकडाच्या भुशाची, वर लाकडाच्या फोटोचा कागद. म्हणूनच बरेच जण नुसती फ्रेम मागवतात आणि फळी आपली बसवतात.

आणि फळी होती. रामटेकला, आजीच्या घरी.

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते, बंगई म्हणजे घरातला झोपाळा. आजीची बंगई सागवानाची. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, चांगली चार सेंटिमीटर जाड. चार कोपऱ्यांना चार भोकं, त्यांतून कड्या. माझे बाबा आणि दोन्ही काका तिच्यावरच मोठे झाले. जुन्या घराच्या तुळया गेल्या, स्लॅब पडला, तेव्हा बंगई उतरवली ती मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. काकाचं म्हणणं, विकून टाकू, सागवानाला गिऱ्हाईक पुष्कळ. त्यात खोटं काहीच नाही. विदर्भाच्या सागाचा भाव अलीकडे आणखी वधारलाय. 2023 साली उद्‌घाटन झालेल्या नव्या संसद भवनात नागपूरचं सागवान लागलं आणि त्याच वर्षी बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झालं. आजीचं म्हणणं वेगळंच, ‘बंगईवर कोणी काम करते का वं पोरी? बंगई बसाले असते!’

तिला मी सांगितलं की हे टेबल बसायलाही चालतं. तिला ते फारसं पटलं नाही. तिची अट एकच होती, बंगई पुन्हा टांगता आली पाहिजे. फळी कापायची नाही, आरपार नवीन भोक पाडायचं नाही.

मग मी फ्रेमच्या मागे लागले. आणि खरं सांगते, फ्रेम निवडणं हे स्थळ बघण्यासारखं आहे. फोटोत सगळे सारखेच दिसतात, खरी माहिती बारीक अक्षरांत असते.

सगळ्यात आधी उंची बघा. किती वर जातो ते नंतर, किती खाली येतो ते आधी. फ्रेमचे पाय दोन टप्प्यांचे असतात किंवा तीन टप्प्यांचे. दोन टप्प्यांची फ्रेम साधारण 70-71 सेंटिमीटरच्या खाली येत नाही, तीन टप्प्यांची 60-62 पर्यंत उतरते. हे आकडे बहुतेक वेळा फळीशिवायचे असतात. म्हणजे माझी चार सेंटिमीटरची बंगई ठेवली की 71 चे झाले 75. माझी उंची पाच फूट दोन इंच. खुर्चीत बसून कोपर काटकोनात धरलं की ते जमिनीपासून 64 सेंटिमीटरवर येतं. म्हणजे दोन टप्प्यांच्या फ्रेमवर मी बसून टाइप करताना दुकानातल्या काउंटरवर हात टेकवलेल्या लहान पोरीसारखी दिसले असते. तुम्ही सहा फुटी असाल तर हा प्रश्न तुम्हाला पडणारच नाही. जाहिरातीतला माणूस नेमका सहा फुटीच का असतो, ते आता कळलं!

दुसरी गोष्ट वजन. इथे लोक उगाच घाबरतात. सागवान घनमीटरला साधारण 650 किलो धरलं तर माझी फळी वीस-बावीस किलोची निघते. त्यावर मॉनिटर, लॅपटॉप, पुस्तकं धरून चाळीसच्या आतच. एका मोटरची फ्रेमही एवढं उचलते. तरी मी दोन मोटरवाली घ्या म्हणेन, कारण जड फळी एका बाजूला झुकली तर दोन्ही पायांना आपापली ताकद असलेली बरी. शिवाय ती उचलते जलद आणि आवाज कमी करते. या मोटरा सलग चालवायच्या नसतात. बहुतेकींना दोन मिनिटं काम आणि अठरा मिनिटं आराम असा हिशेब असतो. (ऑफिसात काही लोकांचं असंच असतं, तो भाग वेगळा.) वीज गेली की टेबल असेल तिथेच थांबतं. जिथे लाइटचा भरवसा नाही तिथे हाताने फिरवायच्या हॅण्डलची फ्रेम मिळते, तीही वाईट नाही.

रुंदी तपासायला विसरू नका. फ्रेम आडवी लहानमोठी करता येते, पण तिला एक किमान माप असतंच. तुमची फळी त्याहून तोकडी असेल तर लोखंड बाहेर डोकावणार आणि गुडघ्याला लागणार. तसंच पुढून मागे जाणारे दोन आडवे हात फळीच्या रुंदीपेक्षा आखूडच हवेत.

खरा पेच मात्र मला रामटेकातल्या सुतारकाकांनी दाखवला. त्यांनी फळी उलटी केली, खालच्या दोन आडव्या पट्ट्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘ताई, ह्या काहून लावल्या माहीत हाय का?’ मला वाटलं होतं मजबुतीसाठी. तर म्हणे, फळी वाकू नये म्हणून. लाकूड रेषांच्या दिशेने फारसं वाढत नाही, पण आडवं फुगतं आणि आकसतं. आपल्याकडचा मे महिना म्हणजे कोरडी भट्टी, जुलै म्हणजे ओला टॉवेल. दोन फूट रुंदीत या फरकाने काही मिलिमीटरची हालचाल सहज होते. आणि फ्रेमचे लोखंडी हात नेमके रेषांना आडवे बसतात. स्क्रू करकचून आवळले तर लाकडाला हलायला जागा राहत नाही आणि एखाद्या उन्हाळ्यात रात्री फट्‌कन आवाज येतो. सकाळी फळीला चीर!

उपाय त्यांनीच सांगितला. जुन्या पट्ट्या काढायच्या, पण जपून ठेवायच्या, कारण त्यांचं काम आता लोखंडी हात करतील. मधला स्क्रू घट्ट, बाकीच्यांसाठी लोखंडातली भोकं लांबट करायची आणि मोठा वायसर टाकायचा, म्हणजे लाकूड सरकू शकतं. लाकडात थेट स्क्रू न पिळता आत पितळी आट्यांच्या नळ्या बसवायच्या, मग फ्रेम दहादा काढा नि दहादा लावा. खोली दोन-अडीच सेंटिमीटर, वरचा पृष्ठभाग शाबूत. आजीची अट पाळली गेली. कड्यांच्या चार भोकांपैकी मागच्या दोनांतून आता चार्जर आणि मॉनिटरच्या वायरी जातात. वरून रंधा मारू दिला नाही मी. मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेला भाग आहे, माउस तिथेच छान सरकतो.

ज्यांच्याकडे बंगई नाही त्यांनी जुन्या दाराची फळी शोधावी, नाहीतर सरळ 25 मिलिमीटरचा ब्लॉकबोर्ड घ्यावा. तो फुगण्या-आकसण्याचे नखरे कमी करतो. नवीन सागवान घेणार असाल तर वखारीतून पक्की पावती मागा, आणि लाकूड नीट सुकलेलं आहे ना, ते विचारा.

बारीक व्हायला म्हणून कुणी हे टेबल घेणार असेल तर थांबा. 2018 साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा असा : बसण्यापेक्षा उभं राहून मिनिटाला 0.15 कॅलरी जास्त जळते. सहा तास उभे राहा, चोपन्न कॅलरी. एका समोशाचाही हिशेब लागत नाही. दिवसभर उभं राहणं पायांच्या शिरांनाही चांगलं नाही. फायदा आहे तो अधूनमधून बदलण्याचा. कॅलरीच जाळायच्या तर गडाच्या पायऱ्या आहेत.

मापं घ्यायला नि फळी बसवायला दिवाळीनंतर या. पावसाचा ओलावा उतरलेला असतो, खिंडसी भरलेलं असतं आणि ऊन अंगावर घेण्यासारखं. फक्त कार्तिकी पौर्णिमेला, जत्रेच्या गर्दीत, सुतारकाकांना फोन करू नका. उचलणार नाहीत.